उंबराखालचा डोह

एक पँटवाला माणूस आमच्या परसात कामवाल्या विठाबाईच्या कोंबड्यामागे धावत होता. मी विहिरीवरून घागर घेऊन येत होते... तशीच थांबले.

"चोरी करताय?"

"नाही... म्हणजे, हो. पण एवढंच हवं होतं." त्याच्या हातात एक तांबडं पीस होतं.

हा शशिकांत. शेजारच्या कमळाकरकाकांचा भाचा, निलगिरीत नोकरीला, दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस बदलापूरला आलेला. तिकडच्या गार ओढ्यांत म्हणे ट्राउट मासा असतो आणि तो पिसाच्या खोट्या किड्याला भुलतो. आमच्या उल्हास नदीवरही एक दिवस गळ टाकायचा त्याचा बेत होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओटीवर बसून त्याने ते पीस रेशमी दोऱ्याने गळाला बांधलं. दोरा कुठे सुरू झाला, कुठे संपला कळू नये इतकं नेटकं काम! मी तांदूळ निवडत होते. खडे सुपात राहिले आणि तांदूळ फेकले गेले. खोटं कशाला सांगू — तो माणूस मला फार आवडला होता.

मग त्याने बेताचा कागद काढला. नदीचा नकाशा आणि खाली वेळा. पाच दहाला उठणे, पाच चाळीसला नदीवर, सातला पहिला मासा.

"माशाला वेळ कळवलीत का?"

"तुम्ही कळवा. तुमच्या गावचा आहे."

"आमच्या गावचा मासा पिसं खात नाही. त्याला हिंग घातलेली कणीक लागते."

त्याने ते मुकाट्याने लिहून घेतलं. "आता जागा तेवढी राहिली. गुप्तेसाहेबांना विचारलं, तर ते थंडीबद्दल बोलत बसले."

मला हसू आलं. गुप्तेसाहेब म्हणजे माझे अण्णा. ते जीव देतील, पण आपला डोह सांगणार नाहीत. आजोबांनी तो अण्णांना दाखवला, अण्णांनी मला. घराबाहेर कुणाला नाही. आईलासुद्धा तो लग्नानंतरच कळला. मी हे सगळं त्याला सांगितलं.

"मग मी बसतो पुलाखाली, धुणं धुणाऱ्या बायकांशेजारी," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "रविवारी जायचं आहे. पुढची सुट्टी एकदम पुढच्या दिवाळीला..."

पुढच्या महिन्यात मला बघायला ठाण्याची मंडळी येणार होती. पुढच्या दिवाळीला मी या ओटीवर असणारच नव्हते.

मी त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि चामटोली गावाकडच्या वळणावर फुली मारली. "उंबराखाली. कातळावर बसा."

तो कितीतरी वेळ फुलीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. "वृंदा... काय केलंत, कळतंय ना तुम्हाला?"

"भूगोलात पहिली यायचे मी," मी म्हटलं आणि सूप घेऊन आत पळाले.

शनिवारी दुपारी तो हातभर मासा घेऊन आला, तो मामाकडे न जाता थेट आमच्याकडे. अण्णा झोपाळ्यावर होते. त्यांनी मासा उलटासुलटा केला, तोंडाशी वास घेतला.

"हिंग. आणि एवढा मासा उंबराखालीच. कुणी दाखवली जागा?"

शशिकांत खाली बघत उभा राहिला. सहज सापडली म्हणता आलं असतं त्याला. पण तो खोटंही बोलेना आणि माझं नावही घेईना. त्या गप्प राहण्यावरच मी जीव टाकला.

"मी दाखवली, अण्णा."

झोपाळा थांबला. "तुझ्या आईला मी ती कधी दाखवली, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे... म्हणून तर दाखवली."

अण्णा झोपाळ्यावरून उठले. मग त्यांनी आत हाक मारली, "अगं, मासा चिरायला घे. कमळाकरला जेवायला बोलाव. आणि ठाण्याला एक पत्र टाकायचं आहे, आठवण कर."

मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "ही जागा बाहेर कुणाला सांगायची नाही."

"नाही सांगणार, अण्णा," तो म्हणाला.

सकाळपर्यंत तो त्यांना गुप्तेसाहेब म्हणत होता.