न उघडलेली टेस्ट केस

ईश्वरीच्या वडिलांचा, अप्पांचा, तो शेवटचा पुरता दिवस होता. तिला मात्र तो ऑफिसातल्या राजेश्वरच्या खोड्यांचा आणखी एक दिवस वाटला.

अंबाजोगाईच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम बनायचा. पेशंटची वेळ नोंदवायची, आदल्या दिवशी आठवणीचा मेसेज पाठवायचा. काय केलं की काय घडायला हवं, ते तपासण्यासाठी लिहून ठेवायचं, ती टेस्ट केस. अशा चार हजार साठल्या होत्या, म्हणून नियम होता : आधी जुन्या शोधा, नसेल तरच नवी लिहा. तीच केस कुणी पुन्हा लिहिली, की ती ‘डुप्लिकेट’ म्हणून बंद करायची आणि लिहिणाऱ्याला टेबलाशी बोलावून समज द्यायची, हे काम ईश्वरीचं.

ते राजेश्वरच्या चांगलंच पथ्यावर पडलं होतं.

“सर, या आठवड्यातली ही तिसरी. शोधत नाही का तुम्ही?”

“शोधतो की मॅडम. सापडली की मगच लिहितो.”

“कावून?” तिनं त्याच्या गावच्या, सिरसाळ्याच्या सुरात विचारलं.

“न्हाई लिहिली तर तुमी बोलावता व्हय?”

बाहेर परतीचा पाऊस. खिडकीतून तुषार येत होते... त्यानं रुमाल काढला, तिचा कीबोर्ड पुसला, आणि मग हळूच म्हणाला, “अप्पांना आपलं सांगितलं?”

“दिवाळीनंतर सांगते.”

“मागच्या दिवाळीलाबी हेच होतं.”

“आणि नाही म्हणाले तर?”

“म्हणू द्या. कळू तर द्या त्यांना...”

तासाभरानं त्याच्या नावानं चौथी केस आली. मथळा होता, ‘पेशंट आणि मेसेज’. मेसेजच्या केसेस तर शंभर होत्या! ईश्वरी हसली. न उघडताच तिनं ‘डुप्लिकेट’ लिहिलं, पुढे हसरा चेहरा काढला. पलीकडून त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. लाजला, असं तिला वाटलं.

संध्याकाळी घाटनांदूरला ती बसमधून उतरली तेव्हा अप्पा दुकानात साबुदाणा तोलत होते.

“भिजलीस ना? आत जा, चहा हाय.”

ती क्षणभर उभी राहिली. वाक्य ओठांपर्यंत आलं होतं... तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर उचलताना अप्पांच्या छातीत कळ आली. दवाखान्याची गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मोतीबिंदूसाठी त्यांनी वेळ घेतली होती. डोळ्यांच्या दवाखान्यात ईश्वरीनंच फोन करून कळवलं. तिकडे नोंद करतानाची बटणं तिला ऐकू आली. तरीही दहाव्या दिवशी दुपारी आई, महादेवी, अप्पांचा मोबाईल घेऊन आली. अक्षर अक्षर लावत वाचू लागली, “धोंडप्पा... उद्या अकरा वाजता... वेळेवर या.” मग तिनं वर पाहिलं. “ईश्वरी, न्हाई गेलं तर चालंल का गं?”

ईश्वरीनं ते शब्द ओळखले. मेसेज त्यांच्याच प्रोग्रॅमचा होता. तिच्याच हाताखालून गेलेले होते ते.

तिनं लॅपटॉप उघडला. नवी केस लिहायला घेतली आणि हात सवयीनं शोधाच्या चौकटीकडे गेला. ‘मृत’ असं टाकलं. एकच केस आली.

‘पेशंटची वेळ नोंदवा. पेशंट मृत अशी नोंद करा. मेसेज जातो का पाहा. जायला नको.’ खाली राजेश्वरचं नाव. त्याखाली तिचं ‘डुप्लिकेट’, आणि तो हसरा चेहरा.

दुसऱ्या दिवशी राजेश्वर भेटायला आला. ओट्यावर दोघं बसली, मधे हातभर अंतर ठेवून.

“उघडलीच नाही मी ती.”

“माझी आई गेली तवा आमच्या घरी आल्ता असा मेसेज. वडील तिला न्यायला गाडी काढून बसलते.”

“मग भांडला का नाहीत माझ्याशी?”

त्यानं चपलेचा चिखल पायरीच्या कडेला खरवडला. “हसत होतीस तू. थांबवावं वाटलं न्हाई.”

पहिल्यांदाच तो तिला ‘तू’ म्हणाला होता. एरवी या एका शब्दावर ती आठवडाभर तरंगली असती.

तो अप्पांच्या समाधीवर बेल वाहायला निघाला. आईही आली. शेताच्या कडेला अप्पांना पुरलं होतं, तिथला मातीचा ढीग अजून ओलाच होता. त्यानं बेल ठेवला आणि मागं सरून उभा राहिला. आईनं पदर सावरला, अप्पा समोर बसले असावेत तशी बोलली, “अहो, ईश्वरीच्या ऑफिसातले सर आलेत.”

ईश्वरी खाली बसली.

“नुसते ऑफिसातले नाहीत, अप्पा. मला यांच्याशी लग्न करायचंय. दोन वर्षं झाली, तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही. तुम्ही नाही म्हणाल म्हणून भीत होते...”

आई वळून बघत राहिली. ईश्वरीनं ओल्या मातीवर तळहात टेकला.

“नाही म्हणायला तरी तुम्ही हवे होतात.”