शेवटच्या बाकावरची बहीण

शुक्रवारी सकाळी वरद गुप्तेचा फोन आला तेव्हा यहया परकार मतपत्रिकांवर शिक्के मारत होता. मराठी मंडळाची निवडणूक उद्यावर आली होती आणि निवडणूक अधिकारी तोच होता.

"मेल पाहिलीस? बाबांबद्दल कोणीतरी घाण लिहिलंय. वलीचंच काम. मी पोलिसांत कम्प्लेंट करतोय."

वरदचे वडील हेमचंद्र गुप्ते म्हणजे रत्नागिरीचे निवृत्त सत्र न्यायाधीश. आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीत मुलाकडे राहायला आल्यापासून दोनदा बिनविरोध अध्यक्ष झालेले. यंदा प्रथमच वली मुकादम त्यांच्यासमोर उभा होता.

"संध्याकाळपर्यंत थांब," यहया म्हणाला. "केस झाली तर वलीची नोकरी जाईल, व्हिसाही."

मेल निनावी होती. 'इद्रीस सारंग या निर्दोष तरुणाला गुप्ते यांनी खुनासाठी जन्मठेप दिली. तो तुरुंगात क्षयाने मेला. दोन वर्षांनी खरा खुनी सापडला. तोवर गुप्ते बढती घेऊन गेले होते. निकाल ऐकताना आरोपीच्या बहिणीने शेवटच्या बाकावर ओढणीचा बोळा तोंडात धरला होता. सबब, त्यांना मत देऊ नये.'

यहया वलीच्या वर्कशॉपवर गेला.

"तू पाठवलीस?"

"नाही."

"इद्रीसला ओळखायचास?"

"नाव आजच ऐकलं. पंचवीस वर्षं इथे आहे मी. हरलो असतो तर हरलो असतो, यहयाभाई."

यहयाने मतदारयादी घेतली आणि मेल कोणाकोणाला गेली ते एकेक नाव ताडून पाहिलं. सभासद दोनशे अकरा, मेल गेली दोनशे दहांना. वगळलेलं नाव एकच होतं: हमीदा सारंग, शारजा, नवीन सभासद.

त्याने फोन लावला.

"आपा, इद्रीस तुमचा कोण?"

"धाकटा भाऊ."

"निकालाच्या दिवशी तुमच्या शेजारी कोण होतं?"

"कोणी नाही. शेवटचा बाक होता, मागे भिंत. सगळ्यांची पाठच होती माझ्याकडे."

संध्याकाळी यहया गुप्त्यांच्या घरी गेला. जजसाहेब खिडकीपाशी बसले होते. वरद कम्प्लेंट टाइप करत होता.

"ते राहू दे, वरद. वलीने पाठवली असती तर इद्रीसची बहीण हमीदाआपा त्याची पहिली साक्षीदार ठरली असती. मेल फक्त तिला गेलेली नाही. तो तिलाच कशाला वगळेल? 'सबब' म्हणून शेवट कोण करतो? जन्मभर निकालपत्रं लिहिलेला माणूस. आणि त्या दिवशी तिचा चेहरा समोर न्यायासनावर बसलेल्या एकालाच दिसत होता." तो वळला. "साहेब, मेल तुम्हीच लिहिलीत."

वरद हसायला गेला आणि थांबला.

"माझा उमेदवारीचा फॉर्म तू भरलास," म्हातारा मुलाला म्हणाला. "तुला केवढा अभिमान. इद्रीसचं सांगायला दोनदा आलो, जमलं नाही. मग मतदारयादीत तिचं नाव दिसलं. तिला मात्र पाठवायला धजलो नाही."

"पण वली, बाबा? मी त्याला अडकवत होतो."

"सकाळी तू त्याचं नाव घेतलंस, तेव्हाही मी गप्प बसलो." ते म्हणाले. "पुन्हा एकदा, वरद. याही वेळी निर्दोषच."

त्यांनी उमेदवारी मागे घेतल्याचं लिहून दिलं. मग हात पुढे करून हमीदाचा नंबर मागितला. यहयाने फोन लावून दिला.

जजसाहेब उठून उभे राहिले.

"मी हेमचंद्र गुप्ते," ते म्हणाले.

हमीदाने फोन ठेवला नाही.