चार दिवस खणात

रविवारी चर्चमधून आल्यावर कोलशेतच्या आमच्या घरी सात-आठ मुलं लिहायला शिकायला येतात. मी निवृत्त शिक्षक. आठवड्यात घरात माणसांचा आवाज ऐकू येतो तो तेवढाच. माझा नियम एक: लिहिलेलं चार दिवस खणात ठेवायचं, मग परक्याचं असल्यासारखं वाचायचं. कुठे खोटं लिहिलं ते तेव्हा दिसतं.

"सर, फ्रिजमध्ये ठेवलं तर चालेल?" नीलने विचारलं.

"अरे येड्या, शिळंच तर करायचंय," टान्या म्हणाली.

माझी बायको लुसी जाऊन वर्ष झालं. मी तिच्यावर लिहायला घेतलं. पहिलं पान खणात ठेवलं, कुलूप लावलं. किल्ली एकच, माझ्या खिशात.

पाचव्या दिवशी उघडलं. 'लुसीला खाडीचा वारा आवडायचा' या वाक्यावर पेन्सिलीची रेघ होती. समासात लिहिलं होतं, 'नाही. खिडकी तूच उघडायचास.'

लुसी तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासायची. ते अक्षर मी ओळखतो. तरी झोपेत मीच लिहीत असेन, म्हणून घरातल्या सगळ्या पेन्सिली मुलांना वाटून टाकल्या.

पुढच्या पानावरही खुणा आल्या.

तिचं बरोबर होतं. मी खिडकी उघडायचो आणि ती मुकाट शाल ओढून बसायची. मी जपून, खरं लिहू लागलो. मग एक पान तसंच्या तसं परत आलं. एकही खूण नाही. त्या स्वच्छ पानासमोर मी संध्याकाळपर्यंत बसलो.

दुसऱ्या दिवसापासून मुद्दाम चुका करू लागलो. 'आमचं लग्न वसईला झालं.'

'उत्तनला.'

एका रविवारी टान्याने ते पान पाहिलं. "सर, तुमच्या पण चुका काढतात? कोण तपासतं?"

"घरचंच माणूस."

"पण तुमच्या घरात तर..." नीलने तिला चिमटा काढला.

एकेक शब्द मला पुरेनासा झाला. या सोमवारी एक मोठं खोटं लिहिलं. ती चिडेल, निदान अर्धं पान तरी लिहील, असं वाटलं. 'येत्या रविवारी लुसी मला न्यायला येणार आहे.'

आज सकाळी खण उघडला.

वाक्य शाबूत होतं. फक्त 'रविवारी' खोडलं होतं.

समासात, 'शनिवारी.'

आज शुक्रवार. मुलांच्या वह्या दुपारीच तपासून टान्याच्या आईकडे ठेवून आलो.