पुसलेलं प्रतिबिंब

हसायचं असेल तर आत्ताच हसून घे, रोहन. मग गप्प बस. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली तो नासिर माझा शाळेपासूनचा मित्र, आणि कसबा पेठेतल्या त्याच्या घरी माझ्या भाच्याला, केयूरला, मीच पाठवलं होतं.

काम साधं होतं. केयूर कॉम्प्युटरवरचे खेळ बनवतो. एवढा शिकलेला मुलगा, पण त्याला नव्या कोऱ्या स्क्रीनवर जुन्या टीव्हीसारखं चित्र हवं होतं. आडव्या बारीक रेघा, फुगीर काच, कडेला पसरणारा लाल रंग. आता याला काय म्हणायचं! त्यासाठी खरा डबा टीव्ही चालू करून त्याचं शूटिंग करायचं होतं. नासिरने चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले, त्यातला एकच घरात ठेवला. त्याच्या बायकोचा, हमीदाभाभींचा. दुपारची कामं उरकली की भाभी त्यावर विटा रचायचा व्हिडिओगेम खेळत बसायच्या. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. फोटो म्हटलं की ओढणी तोंडावर घ्यायच्या, त्यामुळे मागे राहिला तो रेशनकार्डावरचा काळपट चौकोन. "तिचा चेहरा आठवेनासा झालाय रे," नासिर म्हणायचा. फार वाईट वाटायचं ऐकून.

गेल्या नोव्हेंबरची नऊ तारीख, रविवार, रात्रीचे पावणेबारा. काचेत कसलंच प्रतिबिंब पडू नये म्हणून घरातले सगळे दिवे घालवले. टीव्हीवर भाभींचाच गेम लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि दार ओढून दोघं जिन्यात उभे राहिले. पाच मिनिटांनी काम संपलं. केयूर घरी गेला.

चार दिवसांनी, रात्री जेवणं झाल्यावर, तो नासिरला खेळ दाखवायला आला. चित्र हुबेहूब. नासिर खूश.

"एकच घोळ झाला, चाचा," केयूर म्हणाला. "काकू मध्येच येऊन बसल्या ना, त्यांचं प्रतिबिंब आलं होतं. पुसावं लागलं."

"कोण काकू?"

"त्या... ओढणीवाल्या. टीव्हीसमोर बसल्या होत्या. चेहरा अगदी स्पष्ट दिसत होता."

नासिर एकटा राहतो.

नासिरने चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मूळ शूटिंग दाखव, बेटा."

"ते... उडवलं, चाचा. जागा नव्हती."

नासिर ओरडला असता तर बरं झालं असतं. "पुन्हा घे," एवढंच म्हणाला.

पुन्हा अंधार. पुन्हा जिना. पाच मिनिटं... दहा...

काचेत रिकामी खोली.

पुन्हा घेतलं. रिकामी.

तिसऱ्यांदा लावताना टीव्हीत कट्ट झालं. चित्र आक्रसलं. मधोमध एक ठिपका राहिला.

तोही गेला.

नासिरने टीव्ही उघडून पाहिला. पिक्चर ट्यूब, म्हणजे समोरच्या काचेसकट अख्खी नळी, गेली होती. तशी ट्यूब आता कुठेच मिळत नाही. हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

पहाटे त्याचा फोन आला. मी गेलो. तो ओल्या फडक्याने काच पुसत होता. काचेवर पाच बोटं उमटलेली.

"जात नाहीत, श्याम."

मी नखाने खरवडून पाहिलं. हाताला नुसती गुळगुळीत काच लागली.

पिक्चर ट्यूब कारखान्यातच सीलबंद होते, पोरांनो. आत हवासुद्धा नसते. फक्त काचेला एक पांढुरकी पावडर लावलेली असते.

त्या पाच बोटांपुरती ती पावडर पुसली गेली होती.

आतून.