उजवं मागचं चाक

यातलं पदरचं काही नाही. जे झालं, जसं झालं, तेवढंच.

माझ्या थोरल्या जावेच्या बाबतीत घडलेली ही गोष्ट. ताई म्हणतो आम्ही तिला. ताई भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. त्यासाठी लागतो तेवढा मोकळा वेळच तिच्याकडे नसतो.

गेल्या हिवाळ्यातला रविवार. संध्याकाळचे पावणेसहा. जागा... त्यांच्याच घराचं अंगण.

ताई आणि तिचा नवरा, दोघं मिळून लाँड्री चालवतात. दवाखान्याच्या चादरी, लॉजचे टॉवेल, पडदे. धुणं आणि इस्त्री तो बघतो. पोचवायला ताई जाते, त्यांच्या जुन्या व्हॅनमधून. शेजारच्या सीटवर पट्ट्यांनी बांधलेल्या खुर्चीत ढब्बू. वय दीड वर्ष. घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून तोही रोज ड्युटीवर.

घर चढावर आहे. काम सगळं खाली.

व्हॅनला दोन खोडी होत्या. हँडब्रेक फक्त नावाला. दुरुस्त करू, करू म्हणता पाच वर्षं गेली. तोवर गाडी उभी केली की पहिला गिअर टाकून उतरायचं, ही दोघांच्या हाताला सवय. विचारसुद्धा करावा लागत नसे.

दुसरी खोड वाईट होती. उतारावर गिअर उडायचा.

खट्... आणि गाडी मोकळी.

एकदा तो वळणावरच उडाला. मागे दोनशे चादरी, शेजारी ढब्बू. ताई ब्रेकवर अक्षरशः उभी राहिली. गाडी थांबली ती कठड्यापासून हातभर अंतरावर. ढब्बू टाळ्या वाजवत होता. त्याला वाटलं, खेळ आहे.

घरी आल्यावर तिने किल्ली नवऱ्यापुढे ठेवली.

"गिअरबॉक्स बदल. नाहीतर उद्यापासून मी याला कडेवर आणि चादरी डोक्यावर घेऊन चालत जाते."

नवऱ्याने मिस्त्रीला गाठलं. मिस्त्री त्याचा शाळेपासूनचा मित्र. त्याने भंगारातल्या एका नंतरच्या मॉडेलच्या व्हॅनचा पाच गिअरचा बॉक्स शोधला. म्हणाला, नुसता बॉक्स घेऊ नकोस, मागचं डिफरन्शियलही त्याच गाडीचं घे. म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला तो लोखंडी गोळा, जो इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटून देतो.

"दोघं एकत्र चाललेले आहेत," मिस्त्री म्हणाला. "त्यांची ताटातूट करू नये."

"कुणाची होती ती गाडी?" ताईने विचारलं.

"वहिनी, भंगारात गाडी येते. मालक येत नाही."

तेव्हा तिघंही हसले.

शनिवारी मिस्त्रीने बॉक्स बसवला. रविवारी दुपारी डिफरन्शियल. अडलं ते शाफ्टवर. शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या गोळ्यापर्यंत जाणारा लांब दांडा. नव्या मापाला तो जुना दांडा बसेना. मिस्त्रीने तो लेथवाल्याकडे कापायला पाठवला. सोमवारी मिळणार होता. तोवर गिअरबॉक्स पुढे, चाकं मागे... आणि मधे काहीच नाही.

"जॅक, घोड्या आणि ठोकळे मी सातला न्यायला येतो," असं सांगून मिस्त्री दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे गेला. जाताना एक तपासणी करून ठेवायला सांगितली.

आता पावणेसहा वाजले होते. व्हॅन अंगणात, तोंड घराकडे, पाठ फाटकाकडे. मागचा भाग लोखंडी घोड्यांच्या आधारावर उचललेला, मागची चाकं अधांतरी, पुढच्या चाकांमागे लाकडी ठोकळे. अंगणाचा उतार थेट फाटकातून रस्त्यावर जातो.

ढब्बूला दात येत होते. ताई चार रात्री झोपली नव्हती. उभ्या उभ्या डोळे मिटत होते तिचे.

नवऱ्याने गोळ्याच्या पुढच्या टोकाला पाना अडकवला, म्हणजे ते फिरणार नाही.

"तू तिकडून डावं चाक फिरव. तुझं पुढे गेलं की माझं उजवं उलटं फिरायला पाहिजे. तसं झालं तर आत सगळं ठीक आहे."

ताई डाव्या बाजूला बसली. नवरा उजवीकडे. ढब्बूही उजवीकडेच, कपड्यांच्या रिकाम्या टबात, बापाच्या नजरेसमोर. मधे आख्खी व्हॅन.

तिने चाक फिरवलं.

"फिरतंय का?"

"फिरतंय. उलटं. झकास."

दुसरा फेरा. तिसरा.

चौथ्याला चाक अडलं.

तिने जोर लावला. हलेना. दगडासारखं घट्ट. पण अगदी दगडासारखंही नाही... तिच्या जोराला पलीकडून कुणीतरी मोजून तेवढाच जोर देत होतं.

"सोड ना," ती म्हणाली.

उत्तर नाही.

"अरे, कंबर मोडलीये माझी. मस्करी पुरे."

चाक सुटलं.

आणि तिच्या तळव्याखाली आपोआप फिरू लागलं. हळूहळू. उलट्या दिशेने. तिला वाटलं, आता तो तिकडून फिरवतोय. बरोबर एक फेरा झाला... आणि थांबलं.

तेवढ्यात तिच्या पाठीमागून, घरातून नवऱ्याची हाक आली.

"अगं, ऑइलचं नरसाळं कुठे ठेवलंयस?"

तिला उठायला एक क्षण लागला. मग ती धावत व्हॅनला वळसा घालून गेली.

उजवीकडे कुणी नव्हतं.

ढब्बू टबात होता. ताई आल्याचं त्याला कळलंच नाही. चार दिवस किरकिरणारं पोर... एकदम गप्प. चाकाशेजारच्या रिकाम्या जागेकडे तो बघत होता. जमिनीकडे नाही, जरा वर. उकिडव्या बसलेल्या माणसाचा चेहरा जिथे येईल, तिथे.

हातातलं चावायचं रबरी कडं त्याने पुढे धरलं होतं. कुणाला तरी द्यायला.

नवरा नरसाळ्यावाचूनच बाहेर आला. ताईने सांगितलं ते त्याने ऐकून घेतलं.

"आत्ताच बसवलंय. आत घट्ट असणार. आणि तू चार रात्री झोपली नाहीस."

दुसरं खरं होतं, म्हणून पहिलंही तिने मान्य केलं. वाद घालायला अंगात त्राण लागतं.

मिस्त्री आला तेव्हा सात वाजायला आले होते. अंगणातला दिवा लागला होता. नवऱ्याने पाना काढून ठेवला आणि व्हॅन घोड्यांवरून खाली घेतली. आत वाकून गिअर टाकला, पहिला, नेहमीसारखा. मग चाकांखालचे मिस्त्रीचे लाकडी ठोकळे काढले आणि जॅकसोबत उचलून फाटकाकडे नेले.

मधे शाफ्ट नाही, हे त्याला माहीत नव्हतं का? दुपारी त्याच्या डोळ्यांसमोरच तर तो लेथवाल्याकडे गेला होता. पण पाच वर्षांची हाताची सवय. गिअर टाकला की गाडी उभी, एवढंच हाताला ठाऊक. आणि गाडी थोडा वेळ उभी राहिलीही.

ताई दोरीवरच्या चादरी काढत होती, ढब्बूला कडेवर घेऊन. हात भरून आला म्हणून तिने त्याला घराच्या पायरीवर ठेवलं. एक चादर काढली. घडी घातली. दहा सेकंद... पंधरा म्हणा.

वळून बघते तो पायरी रिकामी.

ढब्बू व्हॅनच्या मागे होता. उजव्या मागच्या चाकाच्या पाठीशी उकिडवा बसलेला. तिकडे तोंड करून हळू आवाजात काहीतरी सांगत होता.

कर्र...

खडीचा आवाज. बारीकसा.

इंजिन बंद. आत कुणी नाही. आणि व्हॅन मागे सरकत होती.

ताईने हातातली चादर टाकली. ती पळाली. पण मधे दहा पावलं होती आणि चाक त्याच्यापासून दोन विती. मग एक.

मग व्हॅन थांबली.

हळूहळू नाही. हिसका बसून. मागे कशाला तरी टेकल्यासारखी तिची पाठ उचलली गेली आणि तशीच राहिली.

ताईने ढब्बूला ओढून छातीशी घेतलं. चाक आणि त्याची जागा, यात चार बोटं उरली होती.

नवरा धावत आला आणि आत घुसला.

"गिअरमध्येच आहे," तो म्हणाला. "गिअर आहे ना, म्हणून थांबली."

मिस्त्री फाटकात उभा होता. हातात जॅक तसाच.

"शाफ्ट कुठाय?" त्याने विचारलं.

शाफ्ट लेथवाल्याकडे होता. गिअर चाकांना धरूच शकत नव्हता.

नवऱ्याने हँडब्रेक ओढला. तो नेहमीसारखा पोकळ वर आला. मिस्त्री खाली बसला, टॉर्च मारला. चाकामागे खडा नव्हता, खड्डा नव्हता. साफ उतार. त्या उतारावर एवढी गाडी... नुसतीच उभी.

"दगड आण," मिस्त्री म्हणाला. "आधी दगड आण."

नवऱ्याने कुंपणाचे दोन मोठे दगड आणले. मिस्त्रीने ते चाकांमागे सरकवले, हात लांब ठेवून. दुसरा दगड जागेवर बसला...

आणि व्हॅन मागे आली. चार बोटं. दगडांवर टेकून थांबली. सगळं वजन त्यांच्यावर आलं, ते करकरले.

इतका वेळ धरून ठेवलेलं कुणीतरी आता सोडलं होतं.

सोमवारी मिस्त्रीने चाकं काढली, ब्रेकचे ड्रम उघडले, गोळ्याचं झाकण खोललं. चाक एका बोटाने फिरत होतं. अडकावं असं काही कुठेच नव्हतं. त्याने तेल बदललं, शाफ्ट जोडला आणि त्या दिवशी चहाही न घेता गेला.

व्हॅन आता उत्तम चालते. चढ लीलया घेते. उतारावर गिअर उडत नाही. ढब्बूचे दात आले. हँडब्रेक दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाला.

मी ताईला म्हटलं, जे कुणी असेल त्याने तुझं पोर वाचवलं. हात जोड आणि विसरून जा.

तिने हातातल्या टॉवेलाची घडी पूर्ण केली.

"मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं," ती म्हणाली. "पण मी त्याला पायरीवर ठेवलं होतं. अंगणभर कपडे होते, मांजर होतं, बाप फाटकात होता. आणि तो गेला कुठे? गाडीच्या मागे. त्याच चाकाशी. ज्याने गाडी धरली, त्यानेच याला तिथे बोलावलं नसेल कशावरून?"

मी पुढचा टॉवेल घडीला घेतला.

गेल्या आठवड्यात मिस्त्रीचा फोन आला होता. बॉक्स आणि गोळ्याचा तसाच दुसरा सेट आलाय, तुम्ही म्हणाल त्या दिवशी बदलून देतो. नवरा म्हणाला, तू सांगशील तसं करू.

काढला, तर त्या संध्याकाळी ज्याने गाडी धरली तो जाईल. ठेवला, तर ज्याने ढब्बूला बोलावलं तो राहील.

ताईने अजून काही सांगितलेलं नाही. रोज सकाळी सात वाजता ती ढब्बूला खुर्चीत बांधते, पट्टे दोनदा ओढून बघते... आणि उतार उतरते.