रिसेप्शनच्या नाचातली मोकळी जागा

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. हन्ना माझी सख्खी मावसबहीण आहे. तिला कुणी खोटारडी म्हणालं, तर गाठ माझ्याशी आहे.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. शेवगावच्या बाहेर एका लॉनवर हन्नाच्या लग्नाचं रिसेप्शन होतं. दुपारी चर्चमध्ये लग्न लागलेलं. दिवस अजून मावळायचा होता.

नवरदेव एडविन. दिसायला देखणा, बोलायला गोड. त्याचं हे दुसरं लग्न. पहिली बायको आराधना तापाने गेली, असं स्थळ आणणाऱ्यांनी सांगितलं होतं. हन्नाचे वडील शांतवनकाका म्हणजे देवमाणूस. त्यांनी खोदून काही विचारलं नाही.

केक कापला. डीजे सुरू झाला.

स्टेजसमोर नाचायला लाकडी फळ्यांचा चौथरा केला होता. पाहुणे त्यावर तुटून पडले. एक मामा तोंडात रुमाल धरून पुंगी वाजवायला लागले, दुसरे नागीण होऊन लोळायला लागले. हन्ना स्टेजवर बसून पोट धरून हसत होती.

तेवढ्यात तिला काहीतरी खटकलं...

चौथऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. तरी मधोमध थोडी जागा मोकळी होती.

एक बाई उभी राहील, एवढीच.

मामा लोळत तिथवर आले आणि बाजूने वळले. पोरं उड्या मारत आली, तीही वळली. तिकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं.

मग ती जागा सरकली...

हळूहळू. स्टेजच्या दिशेने. माणसं नाचता नाचता वाट देत होती आणि आपण वाट देतोय हे त्यांना कळतही नव्हतं.

हन्नाने एडविनचा हात धरला. हात माठासारखा गार पडला होता. त्यालाही दिसत होतं.

डीजे बंद करा, म्हणून तो ओरडला. डीजे बंद झाला. सगळे जागच्या जागी थांबले.

फळ्यांवरचा आवाज थांबला नाही...

धप्... सर्रर्र...

धप्... सर्रर्र...

एक पाय टेकत होता. दुसरा फरफटत होता. पाहुण्यांना मात्र तो आवाज ऐकूच येत नव्हता.

एडविनची आई मालनबाई शेजारीच उभी होती. तिने पदर तोंडात कोंबला होता. हन्नाने तिला एवढंच विचारलं, आराधना कशाने गेली?

"तापच हुता, पण त्यो पायाचा," मालनबाई पुटपुटली. "दिराच्या लग्नात नाचली म्हनून यानं पाय मोडला तिचा. दवाखान्यात न्हेऊ दिलं न्हाई. पाय सडला, पोरी."

"आई, गप बस," एडविन म्हणाला.

आवाज स्टेजच्या पायऱ्यांपाशी आला. थांबला.

एडविन उठला. कुणीतरी दंडाला धरून न्यावं तसा खाली उतरला. चौथऱ्यावर गेला.

आणि नाचायला लागला...

गाणं नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पाहुण्यांना वाटलं, नवरदेव रंगात आलाय. शिट्ट्या पडल्या. डीजेवाल्याने हौसेने पुन्हा गाणं लावलं.

एडविन नाचत राहिला. सगळे गोल करून टाळ्या वाजवत होते. तो प्रत्येकाकडे बघून हात जोडत होता.

मग हाड मोडल्याचा आवाज आला. डीजेच्या वरताण.

हन्ना जागची हलली नाही. शांतवनकाकांना म्हणाली, "पप्पा, गाडी काढा. मी याच्या घरात जायची न्हाई." त्या क्षणी तिने दाखवलेल्या हिमतीचा मला अजून अभिमान वाटतो.

एडविन आता घरीच असतो. डावा पाय गुडघ्याखाली मेलाय. नगरच्या डॉक्टरांनी सुई टोचली, त्याला कळलंसुद्धा नाही.

पण परवा मालनबाईचा हन्नाला फोन आला. लेकराला माफ कर म्हणून रडत होती. रस्त्याने वरात निघाली की तो मेलेला पाय खाटेवर हलायला लागतो...

तालात.

एडविन दोन्ही हातांनी दाबून धरतो. वरात लांब निघून जाते. पाय थांबत नाही.

हन्नाने फोन ठेवून दिला. माफी द्यायची तर ती देणारी मी कोण, असं मला म्हणाली.

एडविनच्या घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर आता मंगल कार्यालय बांधतायत. दिवाळीनंतर सुरू होईल. मला त्या माणसाची कीव यायला हवी. येत नाही... आणि हे आठवलं की रात्री मला झोप लागत नाही.