किशोरची चूक

कुरियन आले तेव्हा आई बैठकीत गोणपाटावर शेवंती निवडत होती. दुपारच्या गाडीने फुलं हिवरखेडहून अकोल्याला जायची होती.

माझा भाऊ किशोर हवाई दलात वैमानिक होता. उड्डाण घेतानाच त्याचं विमान कोसळलं आणि तो गेला. मागच्या सीटवर कुरियन होते, ते वाचले. गळ्याला पट्टा, हातात काठी. माणूस केरळचा, मराठी अजिबात नाही, हिंदीही तोडकीमोडकी.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. चौकशीत ‘वैमानिकाची चूक’ एवढंच निघालं, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. चहा पुढे केला आणि हिंदीत सरळ विचारलं, तुम्ही तिथे होतात ना, मग काय सांगितलंत? ते म्हणाले, विमान धावपट्टीवर वळलं, त्यानंतरचं काहीच आठवत नाही.

“सोयीचं आहे,” मी म्हणाले. “मेलेला माणूस उलट बोलत नाही.”

त्यांनी काठी भिंतीला टेकवली.

खोलीत रॉकेलसारखा वास आला. वाटलं, शेजारच्या शेतातलं इंजिन असेल. पण बाहेर सगळं शांत होतं. थंडीचे दिवस, तरी भिंतीकडून झळ लागत होती. गोणपाटावरची फुलं थरथरू लागली. मग कुरियनांच्या पुढ्यातली कपबशी वाजू लागली. त्यांचे हात गुडघ्यांवर होते.

“माय, म्या सांगतलं व्हतं सायबाहिले. इंजिनचा आवाज बराबर नाई म्हनून. कोनी आयकलंच नाई.”

आवाज कुरियनांचाच होता. बोली आमच्या घरची.

मी उठले. आईने मनगट धरून मला खाली बसवलं. ती घाबरली नव्हती. तिचा चेहरा रागाने काळवंडला होता.

“मंग तुह्यावर कावून ढकललं?”

“मी सांगूनच राहिलो, माय. त्याहिले आयकू जात नाई.”

“तू घरी कवा येतं?”

“येऊ कसा? रनवेवरच आहो अजून. सायब निंघ, निंघ म्हनून राहिले.”

कपबशी थांबली.

कुरियनांनी डोळे मिचकावले, गार चहाचा घोट घेतला आणि हिंदीत मला विचारलं, आई काही म्हणाल्या का?

मी त्यांची कपबशी उचलली. ते निघायचं म्हणून काठी शोधू लागले.

काठी आईच्या हातात होती. तिने ती आतल्या खोलीत नेऊन ठेवली. मग येऊन बाहेरच्या दाराला आतून कडी लावली, आणि पुन्हा शेवंती निवडायला बसली.